माडावरून गच्चीवर

‘परमिट रूम’ हे शब्द मराठीत इतके मुरले आहेत की त्यांचा अर्थ विचारावा असे कुणाला वाटत नाही. महामार्गावरच्या ढाब्यापासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलापर्यंत ही पाटी दिसते. अर्थ मात्र सरळ आहे. ज्याच्याजवळ सरकारचे परमिट आहे त्यानेच बसून प्यावे, अशी ही खोली. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा रद्द झालेला नाही. १९४९ चा ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’ आज ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’ या नावाने नांदतो आहे आणि राज्यातला प्रत्येक बार, मग तो नालासोपाऱ्याच्या गल्लीतला असो की वरळीच्या उंच हॉटेलच्या गच्चीवरचा, त्या बंदीला केलेला अपवाद म्हणून उभा आहे.

परमिटाचा कागद वाचण्यासारखा असतो. आपल्या आरोग्याच्या रक्षणासाठी मद्य आवश्यक आहे, अशी त्यामागची भूमिका आहे. कित्येक वर्षे त्याचा दर असा चालत आला आहे : विदेशी मद्याचे एक दिवसाचे परमिट पाच रुपये, देशीचे दोन रुपये, वर्षाचे शंभर, आजन्म हजार. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिले तर शनिवारी रात्री गच्चीवर बसलेली ती सगळी सुगंधी, उंची कपड्यांतली मंडळी तब्येतीची काळजी घेण्यासाठी जमलेली असतात.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या भाच्याला बढती मिळाली आणि त्याने मला अशाच एका गच्चीवर नेले. विरार लोकलने दादरला उतरून पुढे टॅक्सी. “मामा, आज तुमच्या दप्तरातले कागद घरी ठेवा,” असे त्याने आधीच बजावले होते. लिफ्ट वर जाताना कान दडले. वर काचेचा कठडा, त्यापलीकडे सागरी सेतूच्या दिव्यांची माळ, खाली वरळी कोळीवाड्याचा काळोखा ठिपका आणि त्यात उभ्या असलेल्या माडांच्या शेंड्या. माडाची शेंडी वरून पाहण्याचा प्रसंग आमच्यासारख्यांना फारसा येत नाही. आम्ही ती नेहमी मान वर करून पाहतो. मेन्यूकार्डात स्कॉटलंड, मेक्सिको, जपान, फ्रान्स होते. भारतात तयार झालेली पेयेही होती, पण सरकारी भाषेत तीही ‘भारतात बनलेले विदेशी मद्य’. खालच्या माडांचे त्या कार्डात काही नव्हते. मी वाढप्याला परमिटाविषयी विचारले. पोरगा पहाडातला होता, नम्र होता. “सर, वो सब हो जाता है,” एवढेच म्हणाला. भाच्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ती संध्याकाळ छान गेली हे कबूल केले पाहिजे. वारा सुरेख होता. पण त्या कार्डात काय नव्हते, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो. समुद्राकाठी, उंचावर, संध्याकाळच्या वाऱ्यात तयार होणारे पेय या किनाऱ्याला शेकडो वर्षे ठाऊक होते. ते मुंबईच्या टेबलावरून कसे उठले आणि त्याच्या जागी ‘विदेशी’ कसे बसले, याचा माग वसईतून काढता येतो. मला वाटते, वसईतूनच तो नीट काढता येतो.

आधी पेयाविषयी, कारण शहरी वाचकाला ताडी, माडी, नीरा हे सगळे एकच वाटते. नारळाच्या झाडापासून निघते ती माडी, ताडापासून निघते ती ताडी. शिंदीच्या झाडाचाही रस काढतात. ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधायची, तिच्या टोकाचा पातळ काप घ्यायचा आणि खाली मडके अडकवायचे. सकाळ-संध्याकाळ वर चढून नवा काप घ्यावा लागतो, नाहीतर जखम सुकते आणि झरणे थांबते. रस झरू लागल्यापासूनच आंबू लागतो; नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात. ज्या पोयीतून रस काढला तिला नारळ धरत नाहीत. म्हणून झाड नारळाला ठेवायचे की माडीला, हा वाडीच्या मालकापुढचा हिशेबाचा प्रश्न असे. माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. कमरेला कोयती, पाठीला भोपळ्याचे भांडे आणि खोडावरच्या खाचांत पाय, असा माणूस माझ्या लहानपणी वसईच्या पश्चिमपट्टीत कुठल्याही वाडीत दिसे.

या रसाची लेखी नोंद जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य सोळाव्या शतकात गोव्यात राहत होता आणि मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. त्या वेळी मुंबई वसईच्या पोर्तुगीज अमलाखाली होती. आज मुंबईचे उपनगर म्हणून हिणवल्या जाणाऱ्या वसईकराने हे अधूनमधून आठवायला हरकत नाही. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात ओर्ता माडाचे वर्णन करतो, त्यात रसाला ‘सुरा’ आणि त्यापासून गाळलेल्या दारूला ‘उराक’च्या जवळचा शब्द वापरतो. मुंबईचा पहिला प्रसिद्ध भाडेकरू माडीविषयी लिहून गेला आहे, व्हिस्कीविषयी नाही.

इंग्रजी अमलात झाडावर कर होताच. चित्र पालटले ते १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. त्यामागचे कर्ते अधिकारी चार्ल्स प्रिचर्ड. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करायच्या, दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांत गाळायची आणि विक्रीचा मक्ता लिलावाने द्यायचा, अशी ही व्यवस्था. त्यात सरकारला सोय अशी की एका ठिकाणी पहारा बसवला की महसूल हाती. मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांतून येऊ लागली. राहिली माडी. ती झाडागणिक वेगळी, रोज ताजी, साठवता न येणारी. तिला एका भट्टीत कोंडता येईना. मग झाडावरचा कर चढवत नेण्यात आला. ताडी-माडीपासून गाळलेली दारू मोहाच्या दारूपेक्षा स्वस्त पडता कामा नये, हा त्यामागचा हिशेब होता. झाड माणसाच्या स्वतःच्या दारातले, पण त्याला कोयती लावायची तर आधी परवाना, क्रमांक आणि पैसे. ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उंबरगाव आणि वसईच्या पट्ट्यात, भंडाऱ्यांनी याविरुद्ध तक्रारी केल्या. आदिवासींच्या बाबतीत सरकार याहून पुढे गेले : १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरच निर्बंध आणले. जंगलात आपोआप गळून पडणारे, दुष्काळात भाजून खाल्ले जाणारे फूल वेचून घरी ठेवणे यातून गुन्ह्याच्या कक्षेत आले. इंद्रा मुन्शी सालढाणा यांनी १९९५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या दारूच्या इतिहासावर लिहिलेला निबंध या विषयात मला सर्वात उपयोगी पडला. तो मराठीत यायला हवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. दारूमुळे घरे बसली हे खोटे नाही. महात्मा फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेला दारूच्या गुत्त्यांविरुद्ध पत्र लिहिले ते उगाच नाही आणि ‘एकच प्याला’तले तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आपण हसत पाहतो तरी सिंधूचे हाल विसरत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. सरकारने दारू कमी केली की नाही, यापेक्षा कुणाची दारू कमी केली आणि कुणाची शिल्लक ठेवली, हे पाहावे.

साहेबाची दारू या सगळ्यात वेगळ्या खान्यात होती. ती आयात जकात भरून बाटलीतून यायची. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले. त्यातला ‘हार्बर बार’ १९३३ चा. तो मुंबईतला पहिला परवानाधारक बार, असे हॉटेल अभिमानाने सांगते. त्याच सुमारास वसईचा भंडारी झाडांचे क्रमांक सांभाळत होता.

मग काँग्रेसचे राज्य आले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ती राबवणारे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः पारशी. आणि बंदीला सर्वात मोठा विरोध पारशी समाजातून, कारण दारू-ताडीच्या धंद्यात त्या समाजाचे बरेच भांडवल होते. बुडालेल्या अबकारी उत्पन्नाची भरपाई म्हणून शहरातल्या स्थावर मिळकतींवर कर बसवला गेला. काही महिन्यांतच महायुद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ही बंदी पुढच्या वर्षी न्यायालयात खिळखिळी झाली.

दुसरा प्रयोग पक्का होता. १९४९ चा कायदा आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण दारूबंदी. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री. हा कायदा सर्वोच्च न्यायालयात नेला एफ. एन. बलसारा यांनी. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यु-दि-कोलोन आणि लॅव्हेंडर पाणी बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क मान्य करा, अशी त्यांची मागणी होती. १९५१ च्या निकालात न्यायालयाने औषधे व प्रसाधनांपुरता कायदा कापला, बाकीचा उचलून धरला. परदेशी पाहुणे आणि लष्कर यांना दिलेली सवलतही शाबूत राहिली. रोहित डे यांच्या २०१८ च्या ‘अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन’ या पुस्तकात या खटल्याची हकीकत सविस्तर आली आहे. सामान्य नागरिक नव्या संविधानाचा हात धरून कोर्टात कसा उभा राहिला, यावर त्यांचा भर आहे. मला त्या यादीतल्या वस्तू बोलक्या वाटतात. तीत माडी नाही. माडीसाठी दिल्लीपर्यंत जाणारा माणूस आमच्याकडे नव्हता.

परमिट जन्माला आले ते इथे. डॉक्टरने लिहून द्यायचे की या गृहस्थाला मद्याविना अपाय होईल. मग महिन्याला ठरावीक ‘युनिट’ मिळायची. हे साधले कुणाला? ज्यांची डॉक्टरशी ओळख होती, ज्यांना फॉर्म भरता येत होता आणि ज्यांची दारू बाटलीत मोजता येत होती, त्यांना. मडक्याचे युनिट होत नाही.

उरलेल्यांसाठी हातभट्टी होती. धोबीतलाव, भायखळा, वांद्रे इथल्या ‘आंटीं’विषयी मुंबईकरांनी रंगवून लिहिले आहे. पण आंटीच्या खोलीत येणारा माल कुठून यायचा? बराचसा खाडीकाठांवरून. वसईची खाडी, तिवरांची दाटी, ओहोटीला उघडी पडणारी बेटे. पोलिसांची होडी आत शिरेपर्यंत भट्टी चिखलात गाडली जायची. मोटारीच्या टायरांच्या ट्यूबा दारूने भरून अंगावर गुंडाळून माणसे गाडीने मुंबईला जायची, हे आमच्याकडे जुनी मंडळी अजून हातवारे करून सांगतात. ऐन उन्हाळ्यात कोट घालून लोकलला उभा असलेला माणूस दिसला की डब्यातल्यांनी काय ते ओळखायचे. गंमत म्हणून हे ऐकायला बरे. पण ज्या गावांत माडी हा उघड, पिढीजात, कर भरून केलेला धंदा होता, तिथल्या मुलांना पहिल्यांदा कोठडी दिसली ती या काळात.

बंदी सैल होत गेली ती कोणत्या क्रमाने, यासाठी नियमावल्यांची वर्षे पुरेशी आहेत. विदेशी मद्याचे नियम १९५३ चे. ताडीची दुकाने आणि झाडांच्या छेदनाचे नियम १९६८ चे. देशी दारूचे नियम १९७३ चे. मूळ कायदा एकच, पण त्यात दरवाजे तीन पडले आणि विदेशीचा सर्वात आधी. आजही वर्गवारी तीच आहे. परमिट रूमचा परवाना ‘एफएल ३’, म्हणजे विदेशी मद्याचा. देशीचे दुकान वेगळे, त्याच्या पाटीवर ‘सरकारमान्य’ असे ठसठशीत लिहिलेले. आणि ‘ताडी-माडी केंद्र’ त्याहून वेगळे, बहुधा स्टेशनाच्या मागच्या बाजूला, कळकट पडद्याआड. ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार वारंवार उघडकीला आल्यामुळे त्या पडद्याचे नाव आणखी खराब झाले. झाडे कमी आणि ताडी जास्त, असे गणित असले की रसायन येणारच.

या वर्गवारीचा शेवटचा टप्पा कधीकधी शवागारात दिसतो. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यात मिथेनॉल होते. मालवणी आणि वरळीची गच्ची यांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे आहे आणि दोन्हीकडे अंमल एकाच अधिनियमाचा.

गच्चीकडे परत येऊ, कारण गच्चीलाही इतिहास आहे. पंचतारांकित हॉटेलांच्या माथ्यावर बसून पिणे मुंबईत नवे नाही. चर्चगेटच्या ‘अॅम्बॅसेडर’वरचे फिरते रेस्टॉरंट कित्येक मराठी घरांना गाडीतून बोट दाखवण्यापुरते ठाऊक होते. नवे आहे ते गिरणगावाच्या डोक्यावर चढलेले पेय. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींची वाट मोकळी केली, २००१ च्या दुरुस्तीने ती रुंद केली. परळ-वरळीत टॉवर, मॉल, कचेऱ्या आल्या आणि संध्याकाळी त्या कचेऱ्यांतून सुटणाऱ्या तरुणांसाठी बार आले. या तरुणांना मी नावे ठेवणार नाही. त्यातला एक माझाच भाचा आहे आणि बारा तास पडद्यासमोर बसल्यावर त्याला वारा हवा असतो.

पण वाराही परवान्यात बसवावा लागतो. गच्चीवरील उपाहारगृहांच्या धोरणाला मुंबई महापालिका प्रशासनाने मंजुरी दिली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याच्या पुढच्याच महिन्यात, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातल्या दोन रेस्टॉरंट-बारना आग लागली. चौदा जण गेले, त्यात अकरा स्त्रिया. आगीपासून वाचण्यासाठी अनेकजण स्वच्छतागृहात शिरले आणि तिथे धुराने गुदमरले. पुढे चौकशा झाल्या; हुक्क्याचे निखारे, छतावरचे ज्वालाग्राही आच्छादन, अडलेल्या वाटा यांची चर्चा झाली. माझ्या डोक्यात त्या वेळी जुन्या अबकारी कागदांचा विचार आला. झाडाला क्रमांक आहे की नाही हे पाहायला साहेबाचा शिपाई वाडीत यायचा. ज्या राज्याने माडाची शेंडी दीडशे वर्षे इतक्या बारकाईने मोजली, त्या राज्यात गच्चीवरून खाली यायची वाट कुणी मोजली नव्हती.

वसईतही आता मोजायला माड थोडेच उरले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सिडकोचा आराखडा आला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली, म्हणून पश्चिमपट्टीतल्या काही वाड्या तरी राहिल्या. पूर्वेला आणि स्टेशनांलगत राहिल्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची वस्ती बारा लाखांवर गेली होती. आज ती किती आहे हे सकाळी ७.४० ची लोकल पाहून समजावे. राजोडी, कळंब, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रिसॉर्टे आहेत, त्यांत बार आहेत, बारच्या दारात शोभेला माडाची खोडे उभी केलेली आहेत. खोड असते, पोय नसते.

अर्नाळ्याच्या रस्त्याला एका वाडीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. चाळीस वर्षे झाडावर चढले, आता गुडघे चढू देत नाहीत. मुलगा रिक्षा चालवतो. त्यांना मी तात्या म्हणतो. गच्चीवरच्या बारची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी दर विचारला नाही. वरून काय दिसते ते विचारले. सेतू दिसतो, कोळीवाडा दिसतो, माडाच्या शेंड्या दिसतात, असे मी म्हणालो. मग त्यांनी आपले सांगितले. झाडावरून अर्नाळ्याचा किल्ला दिसायचा, होड्या परत फिरल्या की आधी त्यांनाच कळायचे. आणि आजूबाजूच्या घरांची मागची अंगणे दिसायची, विहिरी दिसायच्या. तिथे बायका अंघोळ करत असायच्या, म्हणून झाडाला हात लावण्याआधी मोठ्याने हाक घालायची अशी शिस्त होती. हाक ऐकली की खाली सावरासावर व्हायची, मग चढायचे.

“शेवटी शेवटी काय झाले,” तात्या म्हणाले, “वाडीला लागून सात माळ्यांची बिल्डिंग उठली. मी वर पोहोचलो की गॅलरीतून एक बाई चहा पीत माझ्याकडे बघायची. रोज. आता हाक कोणी कोणाला घालायची, सांग.”